गिरिजा नाशिकला आहे

९ जानेवारी, गुरुवार

सुटलो एकदाचे. एकशे बारा दिवसांनी गिरिजाला दवाखान्यातून बाहेर आणलं. दसरा, दिवाळी, तिचा सातवा वाढदिवस, सगळं त्या निळ्या पडद्याच्या आत झालं. रिक्षात बसताना वॉर्डातल्या मावशींनी तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि डॉक्टर बघताहेत म्हणून मुठीतच लपवल्या.

ही वही खरं तर तापाची. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहायचा, शंभराच्या पुढं गेला की सरळ दवाखाना गाठायचा, असं सिस्टरनी बजावलंय. रोज संध्याकाळची एक गोळी आहे, ती दोन वर्षं चालणार, एक दिवसही चुकवायची नाही. ताप आणि गोळी लिहायला दोन ओळी पुरतात. उरलेलं पान माझं. शाळेची नोकरी सोडल्यापासून माझं असं एवढंच पान उरलंय.

आम्ही आमच्या सिडकोतल्या घरी गेलो नाही. इंद्रजीतनं चिकलठाण्याला, विमानतळाच्या मागं, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट भाड्यानं घेतलाय. (समोर 'अहो' म्हणते, वहीत इंद्रजीत. वहीला सासू नाही.) डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहिलंय, गर्दी नको, पाहुणे नकोत, साठवलेलं पाणी नको. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि घरात पिंपांची रांग. इथं बोअर आहे. इंद्रजीतनं स्वतः रंग दिलाय, खिडक्यांना डासांची जाळी ठोकलीय. मला काही कळू न देता. मला रडूच आलं. दहा वर्षांच्या संसारात ह्या माणसानं न सांगता केलेली गोष्ट म्हणजे फक्त घोरणं.

जालना रोडवर सिडकोचा चौक मागं पडला तेव्हा गिरिजानं विचारलं, "पप्पा, घरी नाही ना जायचं?" घर चुकल्याचं वाईट वाटून नाही, पाठ केलेला धडा बरोबर आहे ना असं विचारल्यासारखं. दवाखान्यानं पोरीला वयाच्या मानानं फार शहाणं केलं.

सकाळी ९८.४, संध्याकाळी ९८.६. गोळी घेतली.

११ जानेवारी, शनिवार

समोरच्या फ्लॅटमध्ये अमिनाभाभी राहतात. शिवणकाम करतात. दारातूनच विचारपूस करून गेल्या, आत आल्या नाहीत, मला बरं वाटलं. जाताना म्हणाल्या, "आपकी बच्ची मेरेकू देखके दरवाजे के पिच्छे छुपगई. डरती क्या मेरेसे?" मी म्हटलं, नाही हो, केस गेलेत ना, लाजते.

विमानांचं तिला वेड लागलंय. आवाज आला की गॅलरीकडं पळते. पण आधी जाळीतून खाली रस्ता बघून घेते, कुणी असलं की मागं फिरते. टोपी घाल आणि जा म्हटलं, तर नको म्हणाली. पूर्वी हीच पोर दिसेल त्याला हाक मारून जेवलात का विचारायची.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सासूबाई आल्या. कोपरापर्यंत हात धुतले, मास्क लावला, एकदाही कुरकुर नाही. सूर्य कुठून उगवला बघायला मी गॅलरीत जाऊन आले.

आजी-नात खोलीचं दार लावून बसल्या. आतून बराच वेळ कुजबूज चालली होती. गिरिजाचं मधनंमधनं "हो आजी, नाही आजी" ऐकू येत होतं. मी पोळ्या लाटत होते. वाटलं, चला, माझ्याशी नाही तर नातीशी तरी जमतंय.

बाहेर आल्यावर बातमी दिली. मोनिकाचं जमलंय. जालन्याचं स्थळ, मुलगा बँकेत आहे, सार्थक नाव. माझ्या नणंदेला तिसावं लागलं, सासूबाईंना तीन वर्षं झोप नाही, मला खरंच आनंद झाला. ९ फेब्रुवारीला साखरपुडा, घरीच.

"तू दोन तास तरी ये. घरची सून नाय दिसली तर लोकं काय म्हणतील?"

मी म्हटलं, गिरिजाला आणता यायचं नाही, गर्दी असेल.

"नको नको, तिला कशाला! डॉक्टरनं सांगितलंय ना," त्या माझ्याआधीच म्हणाल्या. दहा वर्षांत पहिल्यांदाच आमचं एका दमात एकमत झालं.

१९ जानेवारी, रविवार

सिडकोच्या गल्लीतल्या द्वारकाबाईंचा फोन आला. नंबर मोनिकाकडून घेतला म्हणे. "काय गं तनुजा, नाशकाला करमतंय का गिरजेला? मामा लाड करतो का?"

माझा भाऊ अभय नाशिकला असतो, एवढं खरं. म्हातारीनं कुठलं तरी कुठं जोडलेलं दिसतंय. मी सांगायला लागले, "नाशिक कुठलं काकू..." तेवढ्यात आतून इंद्रजीत ओरडला, दूध उतू चाललं. मी फोन ठेवून धावले. दूध उतू जायचं सोडा, गॅसच बंद होता. म्हणाला, मला तसं वाटलं. दवाखान्याच्या खेपांनी त्याचंही डोकं चालेनासं झालंय, बिचाऱ्याचं.

२६ जानेवारी, रविवार

दोन दिवस वही उघडता आली नाही. शुक्रवारी दुपारी ताप १००.८. मी तापमापी तीनदा लावून बघितली. गिरिजालाच माझी दया आली असावी, स्वतःची पिशवी तिनं स्वतः भरली.

दवाखान्याच्या फाटकात आमच्या गल्लीतले रिक्षावाले इलियासभाई भेटले. "अरे गिरिजा बेटा! नाशिक से कब आई?" गिरिजानं माझ्या पदरात तोंड खुपसलं आणि अशी रडली, अशी रडली, की मला वाटलं पुन्हा सुया टोचणार म्हणून रडतेय. पण सुई टोचताना गप्प होती. सलाईन लावून झाल्यावर हळूच म्हणाली, "मम्मी, आज मला बघितलं ना त्यांनी?" केसांचं एवढं मनाला लावून घेतलंय पोरीनं.

ताप साधाच निघाला. आज घरी सोडलं.

गल्लीत ही नाशिकची वावडी द्वारकाबाईंनी उठवली असणार. इंद्रजीतला म्हटलं, जाऊन जरा सांगा त्यांना. तो म्हणाला, "जाऊ दे. लोकांच्या तोंडाला कोण लागणार?" मी असते तर लागले असते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज तपासणी. पेशी वाढल्यात! डॉक्टर पहिल्यांदाच आमच्याकडं बघून हसले. म्हणाले, मास्क लावून एकदोन माणसं भेटायला हरकत नाही. पाणी उकळून देत असाल तर आपल्या घरीही राहू शकता, मुलीला आता तिची माणसं दिसू द्या.

मी रिक्षातच मनातल्या मनात भांडी भरायला लागले. संध्याकाळी इंद्रजीतला म्हटलं, साखरपुडा झाला, मांडव निघाला की आपण घरी जाऊ.

"मे महिन्यापर्यंत इथंच राहू."

"मे कशाला? डॉक्टर तर..."

"डॉक्टर काय, बोलतात. आपण आपलं बघायचं."

मोनिकाचं लग्न मेमध्ये आहे. लग्नघरात पाहुण्यांचा राबता असतो, म्हणून म्हणत असेल. पण मग तसं म्हणायचं. ताट सरकवून उठून जायचं काय कारण? गिरिजाला विचारलं, घरी जायचं ना गं? तर म्हणाली, "आत्याचं लग्न झाल्यावर." बापलेकीचं आधीच ठरलेलं दिसतंय. मला कुणी काही सांगत नाही.

९८.२. गोळी घेतली.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारचे चार वाजलेत. लगेच लिहून काढते. नंतर मलाच खोटं वाटायचं.

गिरिजाला अमिनाभाभींवर सोपवून अकराला घरी गेले. गल्लीत मांडव, दारात तोरण. माझ्याच घरात मी पाहुणी म्हणून चप्पल काढली. स्वयंपाकघरात गेल्यागेल्या सासूबाईंनी हातात कुंकवाचं ताट दिलं आणि म्हणाल्या, "जास्त बोलत बसू नको कुणाशी. लवकर जायचंय ना तुला."

मुलाकडच्या बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या. वच्छलाबाई म्हणजे मुलाची आई, बोलायला गोड बाई. मी कुंकू लावलं तर माझा हात धरून म्हणाल्या, "तुमची लेक कुठंय? भिंतीवर फोटो पाहिला. काय लांब वेण्या आहेत हो!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून सासूबाई. "नाशकाला हाय ती. मामाकडं. शिकायला ठेवलीय, लई हुशार."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. वच्छलाबाई म्हणाल्या, "लग्नात करवली म्हणून आम्हाला तीच पाहिजे बरं का."

"बघू की. परीक्षा असती तिची."

दुसरीतल्या पोरीची परीक्षा. ऐन मे महिन्यात.

दारात इंद्रजीत उभा होता, हातात जिलबीचं ताट. त्यानं सगळं ऐकलं. माझ्याकडं बघितलं. मी वाट बघितली, खरंच वाट बघितली, आता बोलेल, आता म्हणेल, आई काहीतरीच काय. तो वळला आणि बाहेरच्या पाहुण्याला म्हणाला, "घ्या ना अजून एक."

तिथं मला सगळं कळलं. द्वारकाबाई, इलियासभाई, उतू न गेलेलं दूध. पाणी, बोअर, तिसरा मजला. माझी लेक बरी व्हावी म्हणून नव्हे, दिसू नये म्हणून तिला तिथं ठेवली होती. आणि मी मूर्ख, त्या जाळीकडं बघून रडले होते.

मी ताट खाली ठेवलं. वर्गात हजेरी घ्यायचे त्या आवाजात म्हटलं, "गिरिजा नाशिकला नाही. चिकलठाण्याला आहे, इथून पंधरा मिनिटांवर. तिला रक्ताचा कॅन्सर झालाय. एकशे बारा दिवस दवाखान्यात होती. आता बरी होतेय."

वच्छलाबाईंनी माझा हात सोडला. मोनिका नवी साडी नेसून पाटावर बसली होती, ती रडायला लागली. "वहिनी, तीन महिने थांबल्या असत्या तर काय झालं असतं हो?"

म्हणजे तिलाही माहीत होतं. हिच्या पदवीच्या परीक्षेला मी रात्र रात्र जागले होते.

इंद्रजीत गल्लीच्या तोंडापर्यंत मागं आला. "ऑक्टोबरात मोनिकाचं एक जमलेलं मोडलं. का, तर घरात रक्ताचा आजार हाय. तू दवाखान्यात होतीस, तुला नाय सांगितलं. काय करायचं होतं मग मी? बहीण हाय ती माझी."

"आणि गिरिजा कोण आहे?"

"तिच्यासाठी काय कमी केलं मी? सांग ना. काय कमी केलं?"

काहीच नाही. रक्त दिलं, रजा संपल्यावर पगार कापून घेऊन दवाखान्यात बसला, फरशीवर झोपला. जाळीही कदाचित तिच्यासाठीच ठोकली असेल. त्यानंच जास्त संताप येतोय. नुसता वाईट असता तर मी त्याला तिथंच सोडून मोकळी झाले असते.

संध्याकाळी, सात वाजता

घरी येऊन गिरिजाला जवळ घेतलं. म्हटलं, बाळा, आता लपायचं नाही. तू कुठं आहेस, तुला काय झालंय, मी सगळ्यांना सांगून टाकलं.

वाटलं होतं, गळ्यात पडेल. तिनं मला दोन्ही हातांनी ढकललं. "का सांगितलं? का सांगितलं तू?" श्वास लागेपर्यंत किंचाळली.

हळूहळू बाहेर आलं. दिवाळीत आजी दवाखान्यात आली होती तेव्हा तिनं गिरिजाला सांगितलं होतं की वेरूळला घृष्णेश्वराला नवस बोललाय. आत्याचं लग्न होईपर्यंत गिरिजा कुणाला दिसली नाही, कुणाला कळलं नाही, तर ती बरी होणार. मम्मीला सांगायचं नाही, सांगितलं तर नवस फुकट. संक्रांतीला दार लावून त्याचीच उजळणी झाली होती. मी बाहेर पोळ्या लाटत होते.

"इलियासकाकांनी बघितलं तर मला लगेच ठेवून घेतलं ना दवाखान्यात? आता तर सगळ्यांना कळलं. आता मी बरी नाही होणार."

गोळी पुढं केली. तोंड घट्ट मिटलं. "आता घेऊन काय उपयोग?"

१० फेब्रुवारी, सोमवार

अभयला फोन केला. माझा पाठचा भाऊ, रोज न चुकता भाचीची चौकशी करणारा. म्हटलं, अभय, तुला ठाऊक होतं का रे? "दाजींनी सांगितलं होतं, कुणी विचारलं तर व्हय म्हणायचं. तुला त्रास नको म्हणून ताई." मी फोन ठेवला. माहेर म्हणून एक दार होतं, तेही यांनी आधीच बाहेरून लावून ठेवलेलं.

गिरिजाला दिवसभर समजावलं. नवस-बिवस काही नसतो, आजी खोटं बोलली. तिनं एकच विचारलं, "आजी म्हणाली मी बरी होणार. ते पण खोटं?"

मी शिक्षिका होते. सात वर्षांच्या मुलांना सगळं समजावता येतं, असा मला गर्व होता.

गोळी घेतली नाही. दुधात कुस्करून दिली तर वास घेऊन पेला उलटा केला. दोन दिवस झाले. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, काहीही करा, पण उद्यापासून चुकवू नका. इंद्रजीत तिच्यापुढं हात जोडून बसला होता. माझ्याशी बोलत नाही, मीही बोलत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सासूबाईंना फोन केला. करायचा नव्हता. पण पोर त्यांचंच ऐकणार, दुसऱ्या कुणाचं नाही. म्हटलं, तुम्ही घातलंय तिच्या डोक्यात, तुम्हीच काढा. येऊन सांगा तिला.

त्या रडत होत्या. खरं रडत होत्या, मला ते रडणं ओळखता येतं. "माझी बी नात हाय ती. तिला कुटं कळत होतं गं, कशी गप बसली असती? म्हणून देवाचं नाव घेतलं. आत्ता निघते मी. पण तू आधी जालन्याला एक फोन कर."

"कशाला?"

"त्यांनी अजून नाय म्हटलं नाय. आम्ही सांगितलंय त्यांना, पोरगी टायफॉइडनं आजारी पडली होती, तवापासून सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय, मधनंमधनं असं काहीबाही बोलती. तू फकस्त व्हय म्हण. तेवढंच त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मी फोन ठेवला. दुपारपर्यंत पुन्हा हातात घेतला नाही. अमिनाभाभींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम गलत नै बोले बाजी. पर बच्ची की गोली?"

तीन वाजता पुन्हा गोळी पुढं केली. गिरिजा भिंतीकडं तोंड करून झोपून राहिली. चार वाजता मी जालन्याला फोन लावला.

वच्छलाबाईंना म्हटलं, त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. माफ करा. गिरिजा नाशिकला आहे.

त्या फार प्रेमानं बोलल्या. "होतं हो असं, एवढ्याशा जिवाला टायफॉइड म्हणजे. आईच ना शेवटी. औषध घेता ना तुम्ही? आणि मुलीला काही दिवस मामाकडं ठेवलंय तेच बरं केलंत. तुमच्याजवळ नको तिला सध्या."

साडेपाचला सासूबाई आल्या. कोपरापर्यंत हात धुतले. गिरिजाच्या कपाळाला अंगारा लावला आणि तिला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "देवाला विचारून आले मी. मम्मीनं चुकून सांगितलं होतं ना, तिनंच आता फोन करून दुरुस्त केलं. कुणालाच काय ठाऊक नाय. नवस जशाच्या तसा हाय."

गिरिजानं माझ्याकडं बघितलं. "खरंच दुरुस्त केलं?"

मी हो म्हटलं.

तिनं हात पुढं केला, गोळी घेतली, वर दोन घोट कोमट पाणी प्यायली. मग पेला माझ्या हातात देत म्हणाली, "मम्मी, परत असं करू नको हं."